दोन उत्तरांचा आश्विन

दसरा उलटला की आमच्या पालघरच्या रस्त्यावरून अजूनही एखाददुसरा गवताचा ट्रक जातो. पूर्वीसारखी रांग नाही. एकच ट्रक, वरपर्यंत रचलेल्या गठड्या, दोन्ही अंगांनी लोंबणाऱ्या काड्या, आणि मागे रेंगाळणारा तो वास, गोडसर, थोडा करपल्यासारखा. मी गॅलरीत बसलेली असते. ऊन भाजत असतं, झाडाचं पान हलत नसतं. वास आला की माझ्या बोटांना पुठ्ठ्याच्या कडा आठवतात. हजारेक कार्डांचा गठ्ठा हातात धरल्यावर बोटांना लागतात तशा, दाट आणि धारदार.

यंदा मृणाल आली होती. माझ्या धाकट्या बहिणीची नात. पुण्यात नोकरी करते. दिवाळीच्या आधी आठ दिवस आली आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. तिचं काम काय, हे मी दरवर्षी विचारते आणि ती दरवर्षी न कंटाळता सांगते. एक प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. ती सगळ्या प्रकारच्या कम्प्युटरांवर सारखी चालली पाहिजे, हे तिने आणि तिच्या बरोबरच्यांनी बघायचं.

"भाषा एकच असते गं आजी," ती म्हणाली, "पण प्रत्येक सिस्टिमचा स्वभाव वेगळा. इकडे सगळ्या चाचण्या पास होतात, तिकडे तीच चाचणी फेल. मग शोधत बसायचं."

"दोन ठिकाणी दोन उत्तरं आली तर खरं कुठलं धरता?"

"जे आधी ठरलेलं असतं ते. जुन्या उत्तराशी जुळलं की पास." एवढं बोलून ती परत पडद्याकडे वळली.

मी तिला पुढे काही विचारलं नाही. विचारण्यासारखं माझ्याजवळ होतं ते साठ वर्षांपूर्वीचं, आणि तिला सुट्टी फक्त आठ दिवसांची होती.

तेव्हा आम्ही बोईसरला राहत होतो. मी मूळची साताऱ्याकडची. यजमान तारापूरच्या अणुवीज प्रकल्पावर वेल्डिंगचे सुपरवायझर म्हणून लागले आणि त्यांच्यामागून मी इकडे आले. स्टेशनपासून थोड्या अंतरावर दोन खोल्या. बोईसर तेव्हा गाव म्हणावं की नाही अशा अवस्थेत होतं. एका बाजूला गवताच्या वखारी, दुसऱ्या बाजूला प्रकल्पाच्या सामानाचे ढीग, आणि मधल्या चहाच्या टपरीवर मराठी, हिंदी, तेलुगू सगळं एकदम ऐकू यायचं. मी गणितात एम. एस्सी. झालेली. मुंबईत एका छोट्या इंजिनियरिंग सल्ल्याच्या ऑफिसात मला काम मिळालं. आठवड्यातले तीन दिवस मुंबई, उरलेले दिवस घरी बसून आकडेमोड. ऑफिसला बोईसरकडचं माणूस हवंच होतं, कारण खाडीच्या एका बांधाचं काम त्यांच्याकडे आलं होतं.

पाम गावाच्या पुढे खाडीची एक फाटी आत शिरते. तिच्या काठाने भाताची खाचरं. गावकऱ्यांनी बापजाद्यांपासून मातीचा बांध घालून खारं पाणी बाहेर थोपवलेलं. दरवर्षी पावसाळ्यानंतर माणशी एकेक दिवस घालून ते त्याची डागडुजी करायचे. आता सरकारी खर्चाने त्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला, नवा पक्का बांध होणार होता. तो झाला की भरतीचं पाणी कुठे आणि किती चढेल, म्हणजे बांध किती उंच हवा, हे आमच्या ऑफिसाने सांगायचं होतं.

आमचे मुख्य सबनीस साहेब. चाळिशीचे, शांत, सतत पेन्सिल चावणारे. त्यांनी ह्या हिशेबाचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. फोर्ट्रान भाषेत, कार्डांवर भोकं पाडून. मुंबईत तेव्हा कम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांच्यावर वेळ मिळणं म्हणजे मोठ्या देवळात अभिषेकाची पाळी लागण्यासारखं. साहेबांनी एका कारखान्याच्या लहान मशीनवर वेळ मिळवला. उत्तर आलं. उंचात उंच भरतीलाही पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर राहील. त्या उत्तरावर नकाशे झाले, अहवाल झाला, तो मंजूर झाला. पावसाळा सरता सरता गावात मुकादम आणि मजूर येऊन दाखल झाले.

ह्या सगळ्यात पाण्याची खरी उंची मोजणारे होते जनार्दन राऊत. सगळे त्यांना जनूभाऊ म्हणत. पन्नाशीला टेकलेले, खांद्यावर पंचा, दातात कायम काडी. त्यांची खाचरं बांधाला लागूनच होती. खाडीत आम्ही एक आकड्यांची पट्टी रोवली होती, तिच्यावरचा भरती-ओहोटीचा आकडा रोज वहीत लिहायचं काम त्यांच्याकडे. शाळा दुसरीपर्यंत, पण आकडे असे काढायचे की पाच आणि सहाची कधी गफलत झाली नाही. मी पंधरवड्याने वही न्यायला जायची. त्यांची बायको हिराबाय मला पाटावर बसवून गूळपाणी द्यायची.

"बाई, ह्या आमच्या आकड्यांचं तुमी काय करता?" त्यांनी एकदा विचारलं.

मी सांगितलं, मशीनला देतो. मशीन सांगतं पाणी किती चढेल.

"मशीन कदी खाडीत उतरलंय काय?" ते म्हणाले. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होता.

भाद्रपदाच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसने मला नवं काम दिलं. एका मोठ्या संशोधनसंस्थेच्या मशीनवर आम्हाला वेळ मिळायला लागला होता. ते मशीन वेगळ्या कंपनीचं, कितीतरी मोठं. पुढची सगळी कामं तिथे होणार होती, म्हणून साहेबांचा प्रोग्रॅम मी तिकडे चालता करायचा. साहेब म्हणाले, "भाषा तीच आहे. आठवड्याभराचं काम. बांधाचाच नमुना चालवा आणि उत्तर तेच येतं का बघा."

भाषा तीच, हे खरं होतं. माणूस घाटावर आणि कोकणात मराठीच बोलतो तसं. कार्डांवर भोकं पाडायच्या यंत्रांत सुद्धा एकमत नव्हतं. लहान मशीनच्या यंत्रावर बरोबरीचं चिन्ह जिथे, तिथे ह्या मशीनला भलतंच चिन्ह दिसे. कंस उघडला की त्याला टक्केवारी वाटे. पाच अक्षरी नावं इकडे चालत, पण काही शब्द ह्या मशीनने स्वतःसाठी राखून ठेवलेले, ते वापरले की सगळा गठ्ठा नापास. चूक कुठे झाली हे सांगायलाही ते एक आकडा छापून गप्प बसायचं. त्या आकड्याचा अर्थ एका जाड पुस्तकात, ते पुस्तक एका कपाटात, आणि कपाटाची किल्ली एका गृहस्थांकडे. ते जेवायला गेले की माझा दिवस गेला.

शिवाय कार्डं. बोईसरच्या दमट हवेत ती फुगायची आणि मशीनच्या तोंडात अडकून चुरगळायची. मी त्यांना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, तळाशी भाजलेल्या तांदळांची पुरचुंडी घालून. तो डबा मांडीवर घेऊन पॅसेंजरने जायची. बोईसर स्टेशनात मालगाडीच्या डब्यांत गवताच्या गठड्या चढत असायच्या. शेजारच्या बाया विचारायच्या, डब्यात काय, लाडू काय? मी हो म्हणायची.

आठवड्याचे तीन आठवडे झाले. शेवटी एका दुपारी गठ्ठा शेवटपर्यंत चालला. छापलेला लांब कागद मी उभ्यानेच वाचला. पाणी बांधाच्या माथ्यावरून चार बोटं जात होतं.

साहेबांनी कागद पाहिला, पेन्सिल चावली. "इकडे आणताना काहीतरी चुकलंय," ते म्हणाले. रागावले नाहीत. मलाही तेच वाटलं होतं. जुनं उत्तर मंजूर होतं, त्याच्यावर सह्या होत्या. नवं उत्तर माझं होतं, आणि मी तीन आठवड्यांत सतरा चुका केल्या होत्या. अठरावी असणारच. "शोधून काढा. तोवर कुठे बोलू नका."

त्याच आठवड्यात वही न्यायला मी गावात गेले. नवसाचा असावा तसा देखणा दिवस होता. लवकर येणारं हळवं भात कापून झालेलं, उशिराचं गरवं अजून हिरवट-पिवळं, लोंब्यांत दाणा भरत आलेला. दिवाळीला कापणीला येणार. आणि बांधावर माणसं लागली होती. नव्या बांधाला माती कमी पडत होती, म्हणून मुकादम जुना बांध उकरून त्याची माती पुढे नेत होता. जनूभाऊ आणि गावचे चारपाच जण उभे होते.

मुकादम मला म्हणाला, "ऊपर से ऑर्डर है, मैडम. नया बांध हो गया, तो पुराना किस काम का?"

जनूभाऊंनी मला बाजूला घेतलं. "बाई, तुमचं ते मशीन काय म्हनतं? नवा बांध पुरंल ना? ह्यांना आमी जुना फोडून देऊ का नको?"

त्यांच्या मागे त्यांचं खाचर होतं. मी खाली बघितलं.

"पुरेल असं उत्तर आलेलं आहे," मी म्हणाले.

"मंग झालं."

"मी परत तपासतेय, जनूभाऊ."

"कदी व्हईल तपासून?"

"आठ-दहा दिवस."

त्यांनी मुकादमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थांबा म्हना ना त्याला तुमीच. आमचं आयकत नाय तो."

मी थांबा म्हटलं नाही. माझ्याकडे दोन उत्तरं होती आणि त्यांतलं कुठलं खरं, हे मला ठाऊक नव्हतं. साहेबांनी बोलू नका म्हटलं होतं, हे एक कारण. पण खरं कारण वेगळं होतं. मी थांबवलं असतं आणि नंतर चूक माझीच निघाली असती, तर ह्या माणसांपुढे, मुकादमापुढे, ऑफिसात, मी कशी उभी राहिले असते? गणित शिकलेल्या माणसाला एक वाईट सवय लागते. सिद्ध झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एरवी ती सवय चांगली असते. वही घेऊन मी घरी आले.

पुढचे दिवस मला एकेक आठवतात. ऑक्टोबरचं ऊन, खिडकीला बांधलेलं ओलं पातळ, आणि टेबलावर ऑफिसातून आणलेलं हाताने फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र. मी एका भरतीचा हिशेब स्वतः केला, मशीनने केला तसा, टप्प्याटप्प्याने. यजमान कामावरून आले की चहा स्वतःच करून घ्यायचे आणि माझे आकडे मोठ्याने वाचून दाखवायचे. पाचव्या दिवशी मला सापडलं.

चूक माझी नव्हती. साहेबांचीही नव्हती, म्हणावं तर. लहान मशीन आकड्याची पहिली काही घरंच लक्षात ठेवायचं, बाकीची सोडून द्यायचं. खाडीत एकूण पाणी केवढं, तर अवाढव्य. प्रत्येक टप्प्याला त्यात भर पडणार ती एवढीशी. भरल्या विहिरीत कुणी वाटीभर पाणी ओतावं आणि मोजणाऱ्याने म्हणावं, काही पडलंच नाही. अशी शेकडो वेळा वाटी ओतली गेली आणि प्रत्येक वेळी मशीन म्हणालं, पडलं नाही. ते पाणी हिशेबातून गेलं. मोठं मशीन जास्त घरं लक्षात ठेवायचं, म्हणून त्याला वाट्या दिसल्या. वीतभर खाली आणि चार बोटं वर ह्यांच्यातला फरक म्हणजे त्या वाट्या होत्या.

साहेबांनी माझी पानं दोन तास वाचली. दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं, सरकारी कचेरीत स्वतः नेऊन दिलं. तिथल्या अधिकाऱ्याने पत्र ठेवून घेतलं. म्हणाला, बांध पूर्ण झाला आहे, उंची वाढवायची तर नवा अंदाज, नवी मंजुरी, दिवाळीनंतर बघू.

कोजागिरी, म्हणजे पौर्णिमेची उधाणाची भरती, तीन दिवसांवर होती.

मी दुसऱ्या दिवशी गावात पोहोचले तेव्हा जुन्या बांधाच्या जागी एक ओली रेघ उरली होती. मी जनूभाऊंना सगळं सांगितलं.  ते तसेच उठून घरोघर गेले. संध्याकाळपर्यंत गावातली सगळी माणसं, म्हातारी सुद्धा, टोपल्यांनी माती ओढत होती. मीही ओढली. पौर्णिमेला त्यांनी बांधाच्या माथ्यावर कमरेएवढा नाही, पण गुडघ्याएवढा थर चढवला होता. ओल्या मातीचा, न बसलेला.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची भरती ऐन दुपारची होती. वारा पण नव्हता. वादळ नाही, पाऊस नाही, निळंशार आभाळ. पाणी आवाज न करता चढत गेलं. आधी ताज्या मातीतून झिरपलं, मग तिचा एक लपका सुटला, मग दुसरा. फुटलं तेव्हाही मोठा आवाज झाला नाही. पाणी भातात शिरलं आणि लोंब्या त्याच्यावर तरंगायला लागल्या. हिराबाय कमरेएवढ्या पाण्यात उतरून लोंब्या ओरबाडत होती. कुणीतरी तिला हाताला धरून बाहेर आणलं. तिच्या ओच्यात हिरव्या दाण्यांच्या मुठी होत्या, दूधही न सुकलेल्या.

ओहोटीला पाणी गेलं, मीठ राहिलं. आठवड्याभराने खाचरांवर पांढरी साय आली. शिरगावकडचे एक जाणते वाडीवाले येऊन बघून गेले. म्हणाले, तीन पावसाळे तरी मीठ धुऊन जाऊ द्या, मग बियाणं टाका. तीन पावसाळे खायचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही, त्यांना तरी काय ठाऊक असणार. गावची निम्मी माणसं प्रकल्पावर बिगारी म्हणून लागली. हिराबाय खडी फोडायला जायची. माझे यजमान तिला तिथे बघायचे.

चौकशी झाली. बांध फुटण्याचं कारण माती कच्ची होती, असं ठरलं. तेही खोटं नव्हतं, वरचा थर कच्चाच होता. आमच्या हिशेबाचा प्रश्न कुणी काढला नाही. साहेबांचं पत्र फायलीत होतं, ती फाईल कुणी मागवली नाही. साहेबांनी दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा दिली नाही.

पुढच्या वर्षी ऑफिसला तिसऱ्याच एका मशीनवर वेळ मिळाला. मला परत तोच प्रोग्रॅम तिकडे न्यायचा होता. तपासणीचा नमुना बांधाचाच, आणि जुळायला हवं ते मंजूर अहवालातलं उत्तर, वीतभर खाली. मी साहेबांकडे पाहिलं. ते पेन्सिलीकडे बघत म्हणाले, "नमुना बदलायचा तर अहवाल बदलायला हवा. तो आता कोण बदलणार?"

तिसरं मशीनही मोठं होतं. त्याला वाट्या दिसत होत्या. मी त्याला त्या दिसणार नाहीत अशी व्यवस्था केली, आकड्यांची मागची घरं मुद्दाम कापून. उत्तर जुळलं. कागदावर शिक्का बसला.

एवढं मात्र केलं, की गठ्ठ्याच्या सुरुवातीला चार कार्डं घातली. पहिल्या घरात सी हे अक्षर असलं की ते कार्ड माणसांसाठी असतं, मशीन ते सोडून पुढे जातं. त्यांवर लिहिलं की हे उत्तर चूक आहे, खरं पाणी चार बोटं वर जातं, आणि का जातं. महिन्याभराने गठ्ठा परत हातात आला तेव्हा ती कार्डं नव्हती. मशीनवरचा माणूस चांगला होता, मी विचारल्यावर ओशाळला. "मशीनला लागत नाहीत ती, बाई. उगाच वेळ खातात, म्हणून काढून टाकली." मी पुन्हा घातली नाहीत. आज वाटतं, घालायला हवी होती. पण तेव्हा मी थकले होते, आणि ती कार्डं वाचणारं माणूस कोण असणार होतं, तेही मला सुचत नव्हतं. त्या प्रोग्रॅमवर पुढे किती बांध झाले, मला माहीत नाही. मी वर्षभराने ते काम सोडलं आणि पालघरच्या शाळेत गणित शिकवायला लागले. बत्तीस वर्षं शिकवलं.

मृणाल परवा विचारत होती, आजी, तू इतक्या लवकर का सोडलंस, आज केवढी मोठी झाली असतीस. मी म्हणाले, प्रवास झेपत नव्हता.

काम सोडायच्या आधी एकदा मी जनूभाऊंकडे गेले होते. आश्विनच होता, दुसरा. खाचरात अजून काही नव्हतं, कडेने नुसती खाऱ्या जमिनीतली तांबडी वेल पसरली होती. ते बिगारी करून नुकतेच आले होते. सिमेंटने पाय गुडघ्यापर्यंत राखाडी. त्यांनी मला वही दिली. ऑफिसने वर्षभरापूर्वीच मोजणी थांबवली होती, पण त्यांना थांबा म्हणून कुणी कळवलं नव्हतं, म्हणून ते लिहीतच होते. पानामागून पान, सुबक आकडे. फुटल्या दिवसाचंही पान होतं. मी तो आकडा मोठ्या मशीनच्या आकड्याशी मनातल्या मनात ताडून पाहिला. बोटभराचाही फरक नव्हता.

हिराबायने गूळपाणी आणलं. गूळ नव्हता, नुसतं पाणी होतं. मी प्यायले.

जनूभाऊ पायांवरचं सिमेंट चोळत बसले. मग म्हणाले, "बाई, एक इचारू? त्या दिसी मी तुमाला बांधावर इचारलं, तवा तुमाला ठावं व्हतं का?"

खोटं बोलता आलं असतं. "निम्मं," मी म्हणाले. "दोन उत्तरं होती. खरं कुठलं ते माहीत नव्हतं."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. शांतपणे, एखादी मोजणी सांगावी तसं म्हणाले, "निम्मं सांगितलं असतं बाई, तर आमी निम्मा बांध ठेवला असता."